पिवळ्या टोकाचा गज

मित्रांनो, मी एक जुना गज आहे. मनगटाएवढा जाड, आणि आता मधोमध तुटलेला. दूर समुद्रातल्या एका बेटावर, लौटोका बंदरात मुरुगय्याशेठची पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमची वखार आहे, तिथे भंगाराच्या ढिगावर मी पडून असतो. माझ्या टोकाला पिवळा रंग आहे. तो खोटा आहे.

भट्टीतून निघालो तेव्हा मी साध्या, मऊ पोलादाचा होतो. खिडकीला, कुंपणाला चालण्याजोगा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण पोलाद सगळं दिसायला सारखंच, म्हणून वखारीत टोकांना रंग देतात. साध्याला निळा, ओझं पेलणाऱ्या कणखर गजाला पिवळा. कापायचं ते नेहमी बिनरंगाच्या बाजूने, म्हणजे उरलेल्या तुकड्याची ओळख राहते. जहाजातून उतरलो तेव्हा माझ्या निळ्या टोकाचा मला केवढा अभिमान होता!

करवतीवर आपिसाई असायचा. अंगाने आडदांड, तोंडाने त्याहून. एका शनिवारी रग्बीचा सामना गाठायच्या घाईत त्याने मला उलट्या बाजूने कापलं. निळं टोक फाटकं बनवणाऱ्या एकाकडे गेलं आणि मी बिनओळखीचा मागे राहिलो.

"हा आता भंगारात," आपिसाई म्हणाला.

"त्याच्याऐवजी तूच जातोस का भंगारात?" शेठ खेकसले. "पिवळा फास त्याला. नाहीतर सोमवारपासून ऊस तोडायला जा."

आपिसाईने ब्रश उचलला आणि माझं टोक पिवळं केलं.

मग विलिकेसा मासेमार आला. होडीवर जाळं ओढायचा रहाट होता, त्याला नवा आस हवा होता. त्याचं आणि आपिसाईचं गाव एकमेकांचं तावू, म्हणजे पूर्वजांपासून थट्टेचं नातं. तावू कितीही टोचून बोलला तरी रागवायचं नाही आणि त्याचं बोलणं मनावर घ्यायचं नाही. मयताच्या घरीसुद्धा थट्टा करायचा त्याला हक्क असतो.

"या, माशांचे जावई!" आपिसाई ओरडला.

"आधी अंघोळ कर. तुझ्या वासाने समुद्र मागे हटलाय."

शेठ गल्ल्यावरून ऐकत होते. आपिसाईने मला उचललं. पण विलिकेसाच्या हाती देईना.

"हा नको नेऊस. मोडेल मधोमध, आणि तू जाशील माशांच्या पोटात." तोंडावरचं हसू त्याने तसंच ठेवलं, शेठसाठी.

विलिकेसा पोट धरून हसला. "आमच्या गावची माणसं माशांनाही पचत नाहीत! बांध, बांध."

होडीवर माझे लाड झाले. विलिकेसाची बायको सालोते रोज मला खोबरेल लावायची. जाळी जड होत गेली तसा मी आतून वाकत गेलो. ओरडून सांगावंसं वाटे, पण गजाला कुठलं तोंड? एका सकाळी मी तुटलो. ताणलेला दोर उलटून विलिकेसाच्या छातीवर बसला. तो पुन्हा उठला नाही.

अंत्यविधीनंतर सालोते मला चटईत गुंडाळून वखारीत घेऊन आली.

"समुद्रावर लोखंड गंजतंच, बाई," शेठ शांतपणे म्हणाले. "तेलपाणी नीट करायला हवं होतं."

तिने मान खाली घातली. "लावत होते हो मी. कुठेतरी कमी पडले असेन."

आपिसाई करवतीपाशी खिळून उभा होता. ती त्याच्याकडे वळली.

"मयताला का नाही आलास, भाऊ? तावूवाचून सगळं सुनंसुनं गेलं. गज घरी आणला त्या दिवशी जेवताना ते किती हसले! म्हणाले, आपिसाई म्हणतो गज मोडेल. आता तरी एक थट्टा कर. तुझा हक्क आहे."

आपिसाईने शेठकडे पाहिलं. शेठ त्याच्याकडेच बघत होते.

"महाआळशी तो," आपिसाई म्हणाला. "जाळं ओढायचा कंटाळा आला, म्हणून मेला."

सालोते रडता रडता हसली. त्याचा हात हातात घेऊन तिने त्याचे आभार मानले आणि ती निघून गेली. शेठने मला ढिगावर फेकलं.

मित्रांनो, कुणाचा जीव वाचवणारी गोष्ट असेल तर ती हसत सांगू नका, एवढी माझी विनवणी आहे. आणि तुमच्यापैकी कुणी लौटोकाला गेलंच, तर सालोतेला सांगा, तेल भरपूर होतं, बाई. तुझं काहीच चुकलं नाही.