साहेबांना दिलेला खो

मी कोंबडी. नाव काढताच तुमच्या डोळ्यांपुढे ताट आलं, ते आधी बाजूला सारा. मी सरकारी नोकरीत आहे.

जन्म नागपुरातल्या नंदनवन वस्तीतल्या एका परसातला, नोकरी तिथल्याच विषाणू प्रयोगशाळेतली. पंखाखालच्या शिरेतून थोडं रक्त द्यायचं, एवढंच काम. तपासायच्या द्रवात फ्लूचा विषाणू असला, तर माझ्या रक्तपेशी एकमेकींना धरून पसरतात. नसला, तर तळाशी मुकाट ठिपका करून बसतात. मोठमोठे डॉक्टर त्या ठिपक्यापुढे वाकतात. माझ्यापुढे कोणी वाकत नाही.

चौऱ्याहत्तर साली गोपिका आली. जवळच्या खापा गावची पोरगी, एमएस्सी, विद्यापीठाकडून खो-खो खेळलेली. खेळ सुटला होता, ऐट सुटली नव्हती. आमचे प्रमुख वामनराव तिला म्हणाले, आज ताजं रक्त हवं. नाही जमलं तर उद्यापासून कचेरीत टायपिंग करा.

तिने पदर खोचला. मी पळाले. बाई वाऱ्यासारखी आली, मी गिरकी घेऊन मागे फिरले, आणि ती आपली सरळ पुढेच! पुन्हा तेच. खो-खोत एकदा धरलेली दिशा सोडायची नसते म्हणे. ती सवय पायांतून निघेना. भिंत गाठल्याशिवाय बाई वळेना.

"मॅडम, हे तं तुमच्याहून पटाईत निघाली," चौकीदार नत्थूजी म्हणाला. वामनराव बाहेर आले आणि टाइपरायटर पुसून ठेवायला सांगू का, असं त्यांनी विचारलं.

गोपिकेचे डोळे भरले होते. पण म्हणाली, "सर, इथं उकिडवे बसा."

"मी?"

"मग कोण? मी एकटी काहून धावून राहिली?"

साहेब बसले. मैदानावरचा आवाजच तसा असतो. तिने मला पुन्हा हाकललं. मी ऐटीत गिरकी घेतली, तोच ती साहेबांच्या पाठीशी पोचून म्हणाली, "खो."

साहेब टायसकट उठले आणि थेट माझ्यावर पडले.

त्या दिवशी माझ्या पेशी पसरल्या. विषाणू सापडला होता. वामनराव पँटची माती झाडत राहिले. टायपिंगचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

आता माझे पाय थकलेत. गोपिका मला काखेत घेऊन बसते, बोलता बोलता सुई टोचते. माझं मागणं एकच: उद्या नवी पोरगी आली, तर तिला टायपिंगचा धाक घालू नका. तिच्यासाठी साहेबांनी एकदा अंगणात उकिडवं बसावं. गुडघे दुखतील. दुखू द्या.