थांब्यावर कोणीच नव्हतं

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे, सात नंबरच्या मार्गावरची. माझा तिसरा गिअर अडतो आणि मागचं दार दोनदा ओढल्याशिवाय लागत नाही. तरी आधीच सांगते, पुढे जे झालं ते माझ्या बिघाडामुळे झालं नाही.

मी नवी होते तेव्हा आमच्या प्रांताचे सगळे निर्णय दूरच्या राजधानीत व्हायचे. खिडकीची काच फुटली तरी मंजुरी तिकडून यायची, आणि तोवर मी पुठ्ठा लावून फिरायचे. मग प्रांताला स्वतःचं सरकार मिळालं. बस, दवाखाने, कारखाने, सगळं इथेच ठरणार. सुरुवातीला त्यांनी खरंच चांगली कामं केली. दवाखान्यात रक्त शुद्ध करणारी यंत्रं आली. मला काच मिळाली. माझा चालक आठवडाभर शीळ घालत होता.

या चालकाला एक सवय होती. आजारी माणसांना तो थांब्यापर्यंत चालवत नसे. गल्लीत शिरून दारातूनच घ्यायचा. सुतारकाकांच्या बायकोला आठवड्यातून तीनदा त्या यंत्रावर जावं लागे. मी पायरीशी उभी राहिले की काकू म्हणायच्या, "आणलीस का रे तुझी म्हातारी?"

"तुमच्याहून तरुण आहे, काकू. चढा सावकाश."

मग सरकारने नवं धोरण काढलं: जिथे विकास, तिथे बस. नदीपलीकडे उद्योगनगरी व्हायची होती. कोणती बस तिकडे वळवायची हे ठरवण्यासाठी थांब्याथांब्यावर माणसं मोजली. आमच्या थांब्यावर एक बाई तक्ता घेऊन सकाळभर बसल्या. मी त्यांच्यासमोरून तीनदा गेले, तिन्ही वेळा भरलेली. पण थांब्यावरून कोणीच चढलं नाही. त्यांनी प्रामाणिकपणे शून्य लिहिलं.

पुढच्या सोमवारपासून माझी रवानगी नदीपलीकडे झाली. तिथे चार खांब होते, एक फलक होता आणि एक पहारेकरी. रोज चाळीस रिकाम्या जागांमधून मी त्या एकट्याला नेत होते. तोही कंटाळून म्हणाला, "मी सायकलने येत जाईन, बुवा."

चालक कार्यालयात गेला. मी खिडकीखालीच उभी होते, म्हणून सगळं ऐकलं.

"तुमच्या थांब्यावर माणूसच नाही," साहेब म्हणाले.

"कारण मी त्यांना दारातून घेतो."

"म्हणजे नियम मोडता?"

"मोडतो."

"तसं लेखी द्या."

त्याने दिलं. नोकरी जाऊ शकते हे त्याला कळत होतं.

साहेबांनी कागद वाचला. "एवढं चिडताय कशाला? सरकार तुमचंच आहे."

"म्हणून तर इथे आलो, साहेब. फेरमोजणी कधी?"

"रीतसर होईल."

रीतसर व्हायला पाच आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत सुतारकाकांनी काकूंना कधी शेजाऱ्याच्या गाडीतून नेलं, कधी हातगाडीवर बसवून. कधी नेताच आलं नाही. यंत्र मात्र ठरल्या वेळी सुरू असायचं.

फेरमोजणीच्या सकाळी मला एका दिवसापुरतं जुन्या मार्गावर आणलं. चालकाने घरोघरी निरोप दिला होता. आजारी माणसं काठ्या टेकत, भिंतीला धरत थांब्यावर आली. शेवटी सुतारकाका आले, एकटेच. ते रांगेत उभे राहिले.

त्याच बाई होत्या. "कुठे जायचंय?"

"कुठे नाही. मला मोजा."

"असं नाही मोजता येत, काका. प्रवासाचं कारण लागतं."

"बायकोला दवाखान्यात न्यायचंय, असं लिहा."

"त्या कुठे आहेत?"

"मागच्या गुरुवारी गेली. तुम्ही पहिल्यांदा मोजलंत तेव्हा होती, आतल्या बाकावर बसलेली. तेव्हाचं आता लिहा."

बाईंनी पेन उचललं. मग तक्त्यातला आकडा एकाने वाढवला.

मार्ग परत मिळाला. आदेशात एक ओळ होती: प्रवासी फक्त थांब्यावरूनच घ्यावेत. चालकाने ती वाचली, घडी करून खिशात घातली आणि मला गल्लीत वळवलं.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी मोजायला बसलं, तर आधी माझ्यात चढा. मागचं दार ओढून घ्या, बाकावर कोण बसलंय ते बघा, दोन गल्ल्या फिरा. पंधरा मिनिटं लागतात. पाच आठवडे नाही.