खंडेनवमीला खिळ्यावर

मित्रांनो, खिळ्याला लटकलेलं हे मळकं केशरी लाइफ जॅकेट दिसतंय ना? तेच मी. पोटात फोम, समोर काळं बक्कल. एकदा तर एक म्हैस मला गळ्यात अडकवून अख्खं गंगापूर धरण पार करून गेली, पलीकडे चरली आणि संध्याकाळी परतही आली. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा!

शहाण्णव साली मी धरणाकाठच्या या बोट क्लबात आलो. क्लब सांभाळायचे भिमाजी आणि त्यांची बायको चिमणाबाई, दोघं पेठकडची. इथल्या होड्या अरुंद, दोघांपुरत्या. जरा कललं की उलटल्याच. म्हणून भिमाजी आधी पोराच्या अंगावर माझे पट्टे ओढायचे, बक्कल लावायचे. ‘टक!’ वाजलं की म्हणायचे, “जा आता.” मग होडी उलटली तरी पोरं बुचासारखी वर! काय कौतुक व्हायचं माझं!

दोन हजार तीनच्या खंडेनवमीला भिमाजी गावी गेले होते. चिमणाबाईंनी वल्ही, होड्या, आम्हा सगळ्या जॅकेटांना हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. पूजा झाली की त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही. पाण्यात राहिलेली एक होडी तेवढी पूजेतून सुटली.

दुपारी नाशिक रोडचा दिनेश आला, नऊ वर्षांच्या भाचीला, स्नेहलला घेऊन.

“मावशी, एकच चक्कर मारतो.”

“आज नाय. पूजा झाली.”

“त्या होडीची कुठे झालीय?”

चिमणाबाई हसल्या. “लय वकील हाय तुमी! काठाकाठानं जा मंग.”

“मामा, जॅकेट?” स्नेहलनं माझ्याकडे बोट दाखवलं.

“आज त्याला इसावा हाय, बाय. उद्या घाल,” चिमणाबाई म्हणाल्या.

“आणि मामाला पोहता येतं की!” दिनेश म्हणाला.

टक काही वाजलं नाही. ओरडायला मला तोंड कुठे होतं?

काठाकाठानं कसले, ते पार मध्ये गेले. वारा सुटला. स्नेहल पाणी उडवायला वाकली, तिला धरायला मामा त्याच बाजूला झुकला, आणि होडी पालथी झाली.

“होडी सोडू नकोस!” मामा ओरडला. “घट्ट धर! मी जॅकेट आणतो!”

मित्रांनो, तो माझ्याकडेच पोहत निघाला. मला सगळं दिसत होतं. अर्ध्यावर त्याचे हात जड झाले. आणि मी खिळ्यावर, गळ्यात हार घालून, पाहुण्यासारखा.

चिमणाबाईंनी हार तोडला, मला अंगात चढवलं, टक केलं आणि उडी मारली. मामा शेवटचा दिसला होता तिथे पोचलो, तर पाणी सपाट. स्नेहलनं होडी सोडली नव्हती. तिला आम्ही घेऊन आलो. मामाला नाही.

आता खंडेनवमीला चिमणाबाई आधी पोराच्या अंगात जॅकेट घालतात, मग त्या जॅकेटाला कुंकू लावतात. मला मात्र कुणी घेऊ नका. फोमचा पार भुगा झालाय, मीच बुडेन. नवं, धड जॅकेट बघून घ्या आणि टक ऐकल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका.

म्हशीची गोष्ट मी बनवलेली होती, मित्रांनो. ही नाही.