माझ्यावर ठोकलेली खोटी वेळ

सोमवार, सकाळचे अकरा. तिसरा मजला, बैठकीची खोली. भिंतीवरच्या पडद्यावर मला उघडून ठेवलं होतं आणि माझ्यासमोर एका बाईची चौकशी चालली होती.

मी संगणकातली एक फाइल बोलतेय. लिफ्टचा दरवाजा केव्हा मिटायचा, एवढंच माझ्यात लिहिलंय. सात वर्षांपूर्वी ते मावशीनं लिहिलं. मावशी म्हणजे लिफ्ट बनवणाऱ्या या कंपनीतली सगळ्यात जुनी प्रोग्रामर; साहेबही तिला मावशीच म्हणतात. ओळी पुटपुटत लिहायची, चुकली की स्वतःलाच रागवायची. पुढे मला कुणी हात लावला नाही. नीट चालणाऱ्या फाइलीची आठवण कुणाला येते?

गेल्या आठवड्यात एका लिफ्टच्या दरवाजात एका आजोबांचा हात चिरडला. दुसऱ्याच दिवशी, आधी ठरल्याप्रमाणे, आम्हा सगळ्या फायलींना नव्या व्यवस्थेत हलवलं. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ती व्यवस्था ठेवते. जुनी व्यवस्था फक्त मावशीला ठाऊक, म्हणून हलवायचं काम तिच्याच गळ्यात.

साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. "अपघातानंतर फाइल बदललीय. नाव तुमचं. चूक लपवायला बदललीत का, मावशी?"

"मी हलवली. बदलली नाही."

"मग तारीख खोटं बोलते?"

बोलते, साहेब. पण मला तोंड नाही. खोलीत ज्यांना होतं, ते आपापल्या फोनकडे बघत होते. दुपारी मावशी डबा न उघडताच घरी गेली. तिला कामावरून थांबवलं होतं.

तिच्या समोर बसणाऱ्या चष्मिशला मात्र चैन पडेना. त्यानं माझ्या शेजारच्या फायली उघडल्या. हे कुणालाच सुचलं नव्हतं. तो थेट साहेबांकडे गेला.

"वाढदिवसांची फाइलपण त्याच वेळी बदललीय, सर. मावशींनी काय आपली सगळ्यांची वयं कमी केली?"

आम्हाला हलवणारा प्रोग्राम प्रत्येकीची मूळ वेळ पुसून हलवल्याची वेळ ठोकत होता. चष्मिशनं ती चूक दुरुस्त केली, आम्हाला पुन्हा हलवलं. माझी सात वर्षांपूर्वीची तारीख मला परत मिळाली. साहेब "बरं झालं" म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

माझ्यावरचा डाग गेला. मावशीचं ओळखपत्र दारातल्या यंत्राला लावलं, की अजून लाल दिवाच लागतो. ते अजून बंद ठेवायला कुणी सांगितलं, असं चष्मिशनं सगळ्यांना लेखी विचारलंय. उत्तर कुणीही दिलेलं नाही.