चौथा खांब

तीन खांबांवर बर्फाची पिसं वाढली होती, ती सगळी डावीकडे. चौथ्यावर एकही पीस नव्हतं. संघप्रियानं फोनच्या पडद्यावर दोन बोटं ताणून चित्र मोठं केलं, पण ते नीट दिसायचं सोडून नुसतं ठिपक्याठिपक्यांत फुटलं. तिनं फोन आईच्या हातात परत दिला.

“दिसला का?” मीनाबाईंनी विचारलं.

“खांब आहे आई तो.”

“खांबाला खांदं असत्यात व्हय?”

 संघप्रिया कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायची. वाऱ्याबरोबर आलेलं धुकं गार खांबाला लागलं की तिथंच गोठतं, आणि ज्या बाजूनं वारा येतो त्याच बाजूला पिसांसारखं वाढत जातं, हे तिनं आईला पूर्वीच समजावलं होतं. चौथ्यावर ते का वाढत नाही, हे तिनं सांगितलं नव्हतं. तिलाही ते ठाऊक नव्हतं.

चित्र मुसाला शिखराचं होतं. बल्गेरियातलं ते सगळ्यात उंच शिखर. माथ्यावर हवामान केंद्राचं घर होतं आणि त्याच्या भिंतीवरचा कॅमेरा थोड्या थोड्या वेळानं नवं चित्र पाठवायचा. संघप्रियाचा धाकटा भाऊ बुद्धभूषण सोफियाला डॉक्टरकी शिकत होता. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तो स्कीवरून त्या शिखरावर चढला आणि खाली आला नाही. बर्फ पडतच राहिला, तेव्हा सरकारी शोध थांबला. माथ्याच्या उत्तरेला एक अरुंद घळ होती आणि तिच्या तळाशी खडकांच्या फटीत उन्हाळाभर बर्फ टिकायचा. दोर लावून त्या फटीत उतरायला भूषणच्या गिर्यारोहण क्लबातले लोक तयार होते, पण घरच्यांनी सांगितल्याखेरीज नाही. घरचे म्हणजे मीनाबाई. भूषणचे वडील तो शाळेत असतानाच वारले होते.

मीनाबाई गेल्या उन्हाळ्यात नको म्हणाल्या होत्या. या वर्षी क्लबनं पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांच्याजवळ कारणही होतं.

“पोरगं वर उभं हाय, आन तुमी खाली हुडकताय?”

ते कारण संघप्रियानंच आणून दिलं होतं. भूषण गेला ती जागा आईला एकदा दिसावी, म्हणून डिसेंबरात तिनं कॅमेऱ्याचं पान फोनवर उघडून दिलं. तेव्हापासून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवताना मीनाबाईंचा फोन मशीनशेजारी उभा असायचा. जेवणाच्या सुट्टीत एखादी बाई विचारायची, काय म्हणतोय लेक? त्या सांगायच्या, आज वारं लई हाय तितं. सुरुवातीला बायका एकमेकींकडे बघायच्या. पुढं पुढं त्याही फोनमध्ये डोकावून मग डबा उघडू लागल्या. घरात भूषणचा फोटो भिंतीवर लागला नव्हता. गेलेल्या माणसासाठी करायच्या पुण्यानुमोदनाचा विषय काढायची नातेवाइकांत कुणाची छाती नव्हती.

न्हाणीतला पाण्याचा आवाज थांबला. आत कालिना होती. ती सोफियाला भूषणच्या वर्गात होती आणि त्या दिवशी डोंगरावर त्याच्याबरोबर होती. क्लबचा प्रश्न घेऊन ती सकाळच्या गाडीनं आली होती आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होती. स्टेशनवरून येताना रिक्षात संघप्रियानं तिला एकच विनंती केली होती. आई एक चित्र दाखवेल, त्यातला चौथा खांब हा खांबच आहे एवढं सांग. तुझं ती ऐकेल. कालिनानं तो कॅमेरा कधी उघडला नव्हता. ती हो म्हणाली होती.

ती बाहेर आली तेव्हा तिचं तोंड न्हाऊनही लाल होतं. दारातून कमरबीनं बर्फाचे तुकडे घातलेला तांब्या आत सरकवला. कमरबी समोरच्या खोलीत राहायची.

“बर्फ की बेटी है,” ती म्हणाली. “सोलापूर में पिघल गयी तो उसकी माँ को क्या बोलेंगे?”

जेवायला भाकरी, शेंगाची चटणी आणि दही होतं. कालिनानं चटणीचा पहिला घास खाल्ला, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि मान हलवत म्हणाली, “लई भारी.”

मीनाबाई हसल्या. कितीतरी दिवसांनी संघप्रियानं त्यांचे दात पाहिले.

“हे कुनी शिकिवलं गं तुला?”

कालिनाला प्रश्न कळला. तिनं भाकरीचा पुढचा घास मोडला. मीनाबाईंनी तिच्या ताटात आणखी दही वाढलं.

ताटं उचलल्यावर फोन पुढं आला. मीनाबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला होता. निळं आकाश, पांढरा माथा, उजवीकडे बर्फाची सरळ कड. कडेच्या अलीकडे ओळीनं तीन खांब आणि कडेवर, जरा पुढं, चौथा. कालिना वाकून बघू लागली. बघताना तिनं हातातला पेला खाली ठेवला, तो जमिनीला लागायच्या आधीच सोडला. पाणी पसरलं. ती पाण्याकडे बघत इंग्रजीत एवढंच म्हणाली, “पोल.”

“खांब आहे म्हणते,” संघप्रिया म्हणाली.

“आयकलं मी.” मीनाबाईंनी पदरानं पाणी टिपलं. “पंखा वाढव. घामेजली पोरगी.”

पंखा आधीच पाचावर होता.

मग कालिनानं पिशवी उघडली. आत अर्ध्या वितीएवढ्या रुंद आणि माणसाएवढ्या लांब अशा दोन पट्ट्या होत्या. घडी घालून एकीवर एक ठेवलेल्या. एका बाजूला डिंकासारखा चिकट थर, दुसऱ्या बाजूला दाट, आखूड लव. भूषणच्या, ती म्हणाली. मीनाबाईंनी त्या मांडीवर घेतल्या आणि टॉवेलाचा पोत तपासतात तसा अंगठा फिरवला. एका दिशेनं अंगठा सरकला. उलट फिरवला तसा अडला.

“गार हाय गं,” त्या म्हणाल्या.

संघप्रियानं हात लावून पाहिला. एप्रिलची दुपार होती. घरातली उशीसुद्धा तापलेली होती. पट्टी गार होती. ओली असेल म्हणून तिनं बोटं उजेडात धरली. कोरडी होती.

विमानात खालच्या कप्प्यात होती पिशवी, असं काहीतरी कालिना म्हणाली. पण मुंबईला उतरून तिला एक दिवस झाला होता.

मीनाबाईंना पट्ट्या कशाच्या ते हवं होतं. कालिना सांगत गेली आणि संघप्रिया मराठीत करत गेली. डोंगरावर स्कीनं चढायचं तर स्कीच्या तळाला या पट्ट्या चिकटवतात. लव मागे वळलेली असते, त्यामुळं पाय पुढं सरकतो, मागं घसरत नाही. त्या दिवशी दोघं तशीच निघाली. झाडी संपली, मग गोठलेली तळी एकावर एक लागत गेली. शेवटच्या तळ्यापासून वळणं घेत घेत चढ. भूषण पुढं होता. सोलापूरच्या उन्हाबद्दल बोलत होता. पुढं खांबांची धार लागली, तिथं वाऱ्यानं बोलणं बंद झालं.

“हितं असताना त्येनं बर्फ बगितला त्यो रसवंतीतला,” मीनाबाई म्हणाल्या. “आन निगालं डोंगर चढायला. मग? वर गेल्यावर?”

वर गेल्यावर पट्ट्या काढायच्या. त्या लावलेल्या असल्या तर उतरता येत नाही, पाय धरून ठेवतात. काढून चिकट बाजू आतल्या आत मिटायची आणि अंगातल्या जॅकेटात ठेवायच्या. भूषणच्या जॅकेटाची चेन बिघडली होती, म्हणून त्याच्या पट्ट्याही कालिनानं स्वतःच्या जॅकेटात घेतल्या. ती आधी उतरली. तो पाठोपाठ येणार होता.

मीनाबाईंचा अंगठा थांबला.

“त्येनं सोताच्या हातानं काढल्या?”

संघप्रियानं विचारलं. कालिनानं मान डोलावली.

“इचार तिला परत. सोताच्या हातानं?”

कालिनानं या वेळी उभं राहून दाखवलं. पाय उचलला, वाकली, स्कीच्या टोकाकडून पट्टी ओढल्याचा हात केला, लांब, एका ओढीत. दोन्ही पायांच्या दोन. मग न दिसणारी घडी घालून ती मीनाबाईंसमोर धरली. हाच त्याचा हात असावा तसं मीनाबाई त्या रिकाम्या हाताकडे बघत राहिल्या.

खालून कमरबीची हाक आली.

“प्रिया, पानी आया गे! फिर चार दिन रोते बैठेंगी.”

संघप्रियानं घागरी उचलल्या. कालिनाही एक घागर घेऊन मागं आली. अंगणातल्या नळाला रबरी नळी लावून पिंप भरायला लागलं. शेजारची मोटर घरघरत होती. त्या आवाजाच्या आडोशानं कालिना बोलली. तिनं सावकाश इंग्रजी शब्द शोधले, पण एकदाही अडखळली नाही.

तिथं खांब नाही, ती म्हणाली. खांब तीनच आहेत.

संघप्रियानं नळी पिंपात आणखी खोल घातली.

मी खालच्या तळ्यापाशी थांबून वर बघितलं, कालिना सांगत होती, तेव्हा तो तिसऱ्या खांबाच्या पुढं उभा होता. मी काठी उंच केली. त्यानंही केली. मग ढग आला. मागच्या ऑगस्टमध्ये मी ती जागा बघायला वर गेले. तिसऱ्या खांबाच्या पुढं जमीनच नाही, प्रिया. हिवाळ्यात वारा तिथं बर्फाचा सज्जा बांधतो, कड्याच्या बाहेर. कॅमेऱ्यातून तो माथ्यासारखाच दिसतो. त्याखाली हवा आहे, आणि हवेखाली ती घळ. खांब रोवायचा तरी कशात?

“मग ते काय आहे?” संघप्रियानं विचारलं. विद्यार्थ्यांना विचारावं तसं तिनं विचारलं, उत्तर माहीत असल्यासारखं.

कालिना पिंपातल्या पाण्याकडे बघत राहिली. मला माहीत नाही, ती म्हणाली. मी त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो तसाच होता. तिथंच.

पिंप भरून वाहू लागलं, पाणी दोघींच्या पायांवर आलं, तेव्हा कमरबीनं नळी ओढून आपल्या पिंपात सोडली.

जिना चढताना संघप्रियाच्या मनात शब्द जुळत होते. आई, तो खांब नाही. एवढंच सांगायचं, की एवढंच सांगायचं नाही? खांब नाही म्हटलं की तो भूषण ठरत होता, आणि भूषण वर असला तर खाली कुणी उतरणार नव्हतं. तो त्या फटीत आणखी एक उन्हाळा राहणार होता. शिवाय ती स्वतः आईशी खोटं बोलली होती, चार महिने, शास्त्राच्या नावानं. दाराशी तिनं घागर खाली ठेवली आणि पदराला हात पुसत बसली.

मीनाबाई होत्या तिथंच होत्या. पट्ट्या मांडीवर. फोन मात्र दूर, भिंतीशी पालथा पडला होता. संघप्रियाच्या ते आधी लक्षातच आलं नाही. आईचा फोन पालथा तिनं डिसेंबरापासून पाहिला नव्हता.

तिनं तो उचलला. नवं चित्र आलं होतं. आकाश तेच, निळं. वारा नसावा. बर्फाची कड सकाळसारखीच सरळ होती, कुठं तुटली नव्हती, कुठं खचली नव्हती. डावीकडे पिसं वाढलेले तीन खांब होते. त्यांच्या पुढं कड होती आणि कडेवर काही नव्हतं.

तिनं पान बंद करून पुन्हा उघडलं. दोन बोटं ताणून मोठं केलं. कालिना तिच्या खांद्यावरून बघत होती. तिचा श्वास संघप्रियाला कानाशी ऐकू आला, मग ऐकू येईनासा झाला.

“आई,” संघप्रिया म्हणाली, “तू आत्ता बघितलंस का?”

“न्हाय.”

“बघायचंय?”

मीनाबाईंनी नकारार्थी मान हलवली. त्या पट्टीवरून हात फिरवत होत्या, लवेच्या दिशेनं, एकाच बाजूला. पट्ट्या आता तापल्या होत्या. खालचा डिंक मऊ होऊन पट्टी धरलेल्या दुसऱ्या हाताच्या बोटांना लागत होता आणि प्रत्येक वेळी बोट सुटताना बारीक आवाज येत होता. संघप्रियानं फोन पदरात धरला. 

“चढायचं आसतं तवर लावत्यात,” मीनाबाई म्हणाल्या. त्या मुलीशी बोलत नव्हत्या, कालिनाशीही नाही. “काढल्या म्हंजे चढनं झालं. काढल्या म्हंजे निगाला हुता त्यो घराकडं.”

कालिनानं संघप्रियाकडे पाहिलं. संघप्रियानं भाषांतर केलं नाही.

मीनाबाईंनी पट्ट्यांची चिकट बाजू आतल्या आत मिटली, मघाशी बघितली होती तशी. लांबीला लांबी जुळवली, कडा सारख्या केल्या, टॉवेलाची करतात तशी घडी घातली आणि ती पोलक्याशी धरून उठल्या. खिडकीबाहेर कमरबीच्या पिंपात अजून पाणी पडत होतं.

“त्या पोरांना सांग,” त्या म्हणाल्या. “खाली हुडका त्येला.”