हातावरची दहीसाखर

समृद्धीला हॉस्पिटलचा हिरवा झगा घोट्यापर्यंत येत होता. पाच वर्षांची पोर, उजवा गाल टरारून सुजलेला. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या मांडीत बसून ती स्वतःचा तळवा चाटत होती.

"काय करतेस गं?"

"आता गोड लागत नाहीये."

मी तिचा हात नाकाशी धरला. आंबूस वास.

"आई, हिला काही दिलंत?" शेजारी बसलेल्या सासूबाईंना मी विचारलं.

"मी? अगं, सकाळपासून घरात चहासुद्धा ठेवू दिला नाही कोणाला. वास येईल, पोर मागेल म्हणून."

ते खरं होतं. उपाशी ठेवायचं म्हटल्यावर माझ्यापेक्षा त्याच कडक होत्या.

"आजीने दहीसाखर दिलेली," समृद्धी म्हणाली. "तू कुलूप लावत होतीस ना, तेव्हा."

"ते काय खाणं झालं?" आई म्हणाल्या. "चांगल्या कामाला निघताना हातावर घालतात. तुझ्या इंटरव्ह्यूला पण दिलेली."

ठाकुर्लीच्या आमच्या अंगणवाडीत तपासणीला आलेल्या सरकारी डॉक्टरने बॅटरी मारून तिचं तोंड पाहिलं आणि ठाण्याच्या या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं. पाच दाढा किडलेल्या, एकीच्या मुळाशी पू. दुधाचेच दात, पडतील, असं बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी सांगितलं. पण ते पडेपर्यंत माझी लेक दुधात कुस्करलेली चपाती न चावता गिळत होती. खुर्चीत बसवलं की ओठ घट्ट मिटून घ्यायची, म्हणून पूर्ण भूल देऊन सगळं एकदम करायचं ठरलं. लहान मुलांना भूल द्यायला डॉक्टर मृणाल फक्त गुरुवारी येतात. मागची तारीख सर्दीत गेली. तेव्हाच त्यांनी समजावलं होतं, पोटात काही असलं तर भुलीत उलटी होते, ती श्वासात जाते, मूल हातचं जाऊ शकतं.

सकाळी विनिता सिस्टरने विचारलं तेव्हा मी 'काही नाही दिलं' म्हणाले होते. आता त्याच सिस्टर दारात उभ्या होत्या. "चला समृद्धी, तुझा नंबर."

आई माझ्या कानाशी आल्या. "चमचाभर तर होतं. जिरलं पण असेल. परत तारीख कधी मिळायची? गाल बघ तिचा."

मी गाल पाहिला. उठले आणि तिला सिस्टरच्या हातात दिलं. हो, दिलं. तिची चप्पल दारात निघाली, ती घालायला वाकली तेव्हा झग्याच्या नाड्यांतून पाठीचे मणके दिसले.

"सिस्टर, थांबा."

डॉक्टर मृणाल टोपी घालूनच बाहेर आल्या.

"किती वाजता खाल्लं?"

"सातला, निघताना. चमचाभर दही."

"दोन," आई म्हणाल्या. मान खाली. "तिने परत हात पुढे केला."

डॉक्टरांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. "सहा तास जायला हवेत. शेवटी घेते हिला. आधीची केस लांबली, तर आज नाही. मी सांगेपर्यंत पाण्याचा थेंब नको."

मग भूक लागली. आधी ती कुरकुरली, मग रडली, मग समोरच्या बाईने बिस्किटाचा पुडा फोडला तशी हात पसरून आजीकडे झेपावली.

"पदराला बांधलेलं नाही ना अजून काही?" मी म्हणाले.

आईंनी पदराचं टोक मोकळं करून मला दाखवलं. पोरीला खांद्यावर टाकलं आणि पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. ती त्यांच्या पाठीवर बुक्के मारत होती. त्या हळूहळू चालत राहिल्या, भिंतीपर्यंत आणि परत.

एक वाजून गेला. दार बंदच. आत एक मुलगा होता, त्याची आई माझ्यासारखीच दाराकडे बघत होती. त्याचं लवकर आटपावं असं मला वाटत होतं, आणि तसं वाटल्याची लाजही.

दार उघडलं. "आणा तिला."

मास्क लावताना तिने माझं बोट पकडलं. "आई, मी उठल्यावर चपाती?" डोळे मिटले, पकड सैल झाली, आणि मला बाहेर पाठवलं.

आम्ही दोघी बाकाच्या दोन टोकांना बसलो. किती वेळ, सांगता येणार नाही.

डॉक्टर मृणाल मास्क खाली ओढत आल्या. "झालं. पूवाली दाढ काढली, बाकीच्या भरल्या. भूल उतरताना उलटी झाली तिला. पण पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी निघालं."

त्या आत वळल्या. आई उठून उभ्या राहिल्या होत्या, त्या परत बसल्या.

"तू सांगितलंस म्हणून..." म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले.

मी सरकून त्यांच्याजवळ गेले. आतून समृद्धीचं रडणं आलं, घोगरं, चिडलेलं. आम्ही दोघी ते ऐकत राहिलो.