घणाची जागा

"दिवे मालव आधी. उजेडात तापल्या लोखंडाचा रंग कळत नसतो," आबा म्हणाले.

द्वारकेनं जयपुरातल्या झालाना भागातल्या त्या प्रदर्शनाच्या हॉलमधले दिवे बंद केले. खिडकीतून संध्याकाळचा उजेड येत होता, तेवढाच. सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. खिळे ठोकून झाले, चित्रं टांगून झाली, तरी ही बाई आपली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालतेच आहे! नवरा रेल्वेत, बदली होऊन जयपूरला आलेला. तो ड्युटीवर गेला की क्वार्टरच्या स्वयंपाकघरात बसून तिनं चार वर्षं एकच ध्यास घेतला होता, विस्तव रंगवायचा. होळी, लग्नातला होम, गोंधळ्याची दिवटी, आणि सगळ्यांत मोठं चित्र परभणीकडच्या त्यांच्या लोहारकीच्या भट्टीचं. उद्या प्रदर्शनाचं उद्घाटन. पेपरवाले येणार होते, पण तिला धास्ती होती ती आबांची, आपल्या वडिलांची. चाळीस वर्षं जाळापुढे बसलेला माणूस काय म्हणेल?

होळीपुढे आबांनी नुसती मान हलवली. भट्टीपुढे मात्र खुर्ची ओढून बसले. द्वारकेचा जीव टांगणीला लागला.

"जाळ बरोबर हाय," ते म्हणाले. "लोखंडबी बरोबर तापलंय. सांडशी माझ्या हातात हाय, हातोडीबी हाय. पण पोरी, माय कुठंय तुझी?"

आबा हातोडीनं हलकेच ठोकून जागा दाखवायचे आणि आई समोर उभी राहून बरोबर त्या जागी घण घालायची. द्वारकेच्या वेळी आठवा महिना लागला तरी घालत होती. गिऱ्हाईक आलं की घण ठेवून चहा करायला आत जायची, आणि गाव आबांचंच नाव घेऊन म्हणायचं, ज्ञानोबाची भट्टी. आई जाऊन सहा वर्षं झाली, आणि पोटच्या पोरीनंही गावासारखंच केलं होतं. चित्रात तिला उभं राहायला जागासुद्धा ठेवली नव्हती. द्वारकेला स्वतःची भयंकर लाज वाटली.

हॉल सांभाळणाऱ्या मयूरीजींनी परोपरीनं सांगून पाहिलं, आमंत्रणाच्या कार्डावर हेच चित्र छापलंय. द्वारकेनं ऐकलं नाही. चित्र उतरवून तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवलं. वर खिळा तेवढा राहिला.

आबा अजून तिथंच बसले होते. त्यांनी बोटाच्या पेरानं खुर्चीच्या लाकडी हातावर ठक् केलं आणि थांबले. पुन्हा ठक्, पुन्हा थांबले. मधे घणाचा एक घाव बसेल एवढीच जागा ते सोडत होते.